वाणाची गाळणी आणि गुप्ततेचा करार

हळदीकुंकवाचं वाण परत मागायला दारोदार फिरलेला दुसरा पुरुष पुण्यात कुणी असेल, तर मला तरी ठाऊक नाही. बिबवेवाडीचे गोपाळकृष्ण हसबनीस फिरले. हौसेनं फिरले असते तर आपण सोडून दिलं असतं, माणसाला कसलीही हौस असू शकते. पण त्यांना कायद्यानं फिरवलं. आणि कायदा एकदा मध्यमवर्गीय माणसाच्या मागे लागला की तो काय करतो, हे ज्यांनी सोसायटीचं कन्व्हेयन्स डीड करून घेतलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

कारखान्यानं त्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली तेव्हाची गोष्ट. (स्वेच्छा कारखान्याची होती, निवृत्ती यांची.) गोपाळकृष्णांनी मार्केट यार्डाच्या मागे एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली, जुनं मोल्डिंग मशीन टाकलं आणि प्लॅस्टिकच्या वस्तू काढायला सुरुवात केली. पहिली वस्तू म्हणजे कपडे वाळत घालायचा चिमटा. वाऱ्यानं दोरीवर फिरायचा नाही, असा. चिमटा चांगला होता, आणि तिथंच घात झाला, कारण महिनाभरात तोच चिमटा, त्याच रंगात आणि निम्म्या किमतीत, फुटपाथवर टोपलीत आला. विकणाऱ्यानं तो गोपाळकृष्णांच्याच हातात देऊन 'नवीन आलाय, साहेब, घेऊन टाका' असं सांगितलं. गोपाळकृष्णांनी घेतला नाही, पण त्या दिवसापासून त्यांचा जगावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

त्यामुळे गाळणीच्या वेळी ते सावध होते. गाळणी म्हणजे चहाचीच. चहा गाळून ती उचलली की बुडाशी लोंबणारे दोन-चार थेंब ओट्यावर पडतात, आणि पाहुणे बसलेले असले तर ओटा सोडून नेमके धुतलेल्या टेबलक्लॉथवर पडतात. गोपाळकृष्णांनी दांड्याला एक खटका बसवला. खटका दाबला की बुडाखाली एक छोटी वाटी सरकायची आणि थेंब झेलायची. एवढंच. पण हे एवढंच सुचायला आणि जमायला त्यांचं दीड वर्ष गेलं होतं, आणि फंडातून आलेले पैसे साच्यात गेले होते. नाव त्यांनी ठेवलं 'थेंबबंद'. ही गाळणी फुटपाथवर गेली असती, तर त्यांनी तिसरं काही काढायची उमेदच धरली नसती.

"बाबा, आधी आयपी प्रोटेक्ट करा," मुलगा अवधूत म्हणाला. तो हिंजवडीला नोकरीला लागल्याला वर्ष झालं होतं आणि गळ्यातलं कार्ड तो जेवतानाही काढत नसे. "आमच्याकडे फर्स्ट डेलाच सगळ्यांकडून एनडीए साइन करून घेतात. कंपनीतलं काही बाहेर बोलायचं नाही."

"तुला कंपनीतलं बाहेर बोलण्याइतकं काही कळतं का?"

"प्रिन्सिपल म्हणून सांगतोय, बाबा."

प्रिन्सिपल म्हणून अवधूतनं कॉलेजातल्या एका मित्राच्या बहिणीचं नाव सुचवलं. अपेक्षा तिचं नाव. नुकतीच वकील झालेली, आणि याच विषयाची. तिनं गाळणी उलटी-सुलटी करून पाहिली आणि सगळं नीट समजावून सांगितलं. गाळणीच्या रूपाची नोंदणी करायची, अर्ज कोलकात्याला जाणार, चहूबाजूंनी फोटो लागणार. अट एकच, पण ती पक्की. अर्ज पोचण्याआधी ही वस्तू देशात कुठेही जाहीर झालेली नसली पाहिजे.

"कुणाला दाखवलीय का, काका?"

"मी, मशीन आणि घरची माणसं," गोपाळकृष्ण म्हणाले. "सगळी विश्वासातली आहेत."

सोमवारी अर्ज करायचा ठरला. फोटोसाठी आणि तपासणीसाठी काढलेल्या गाळण्यांचा खोका त्यांनी घरी गॅलरीत ठेवला, कारण शेडमध्ये ठेवायला त्यांचा धीर होत नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी ते कामावरून घरी आले, तर इमारतीच्या जिन्यात समोरून एक बाई उतरत होत्या. गजरा, पैठणी, आणि हातात निळी गाळणी. गोपाळकृष्ण बाजूला झाले. पहिल्या मजल्यावर दोघी भेटल्या, एकीकडे पिवळी, एकीकडे हिरवी. हिरवीवाल्या बाई जिन्यात उभ्या राहून खटका दाबून दाखवत होत्या. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत गोपाळकृष्णांना सगळा उलगडा झाला होता.

संक्रांतीनंतरचे दिवस होते. त्यांच्या पत्नी पद्मजाबाईंचं हळदीकुंकू होतं, हे त्यांना सकाळी सांगितलेलंही होतं. वाण काय आहे, हे विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं, आणि नवरे हे विचारत नाहीतच.

"अहो, तुम्ही हवे होतात," पद्मजाबाई दारातच म्हणाल्या. बाई शाळेत शिकवतात, उगाच कौतुक करण्याची त्यांना सवय नाही. पण त्या दिवशी चेहरा नुसता फुलला होता. "सगळ्यांना चहा करून दाखवला. एक थेंब पडला नाही. आमच्या ह्यांनी केलीय म्हणून सांगितलं. सुनीतीबाईसुद्धा म्हणाल्या, हसबनिसांना डोकं आहे. मी म्हटलं, आहेच."

"हे काय करून ठेवलंस तू?" गोपाळकृष्ण म्हणाले, आणि तडक गॅलरीत जाऊन खोक्यात डोकावले. खोक्यात तळाला दोन लाल गाळण्या उरल्या होत्या. पद्मजाबाईंच्या तोंडावर तेव्हा काय उमटलं, ते बघायला ते तिथं नव्हते.

अपेक्षानं सगळं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. "आमंत्रण कसं दिलं होतं, काका?"

"जिन्यात फळ्यावर लिहिलं होतं. सर्व भगिनींनी अगत्य येण्याचे करावे."

"म्हणजे जाहीरच झालं की."

"अगं, पण वाण होतं ते. काही प्रदर्शन नव्हतं."

"वाण लुटतात, काका. कायद्याला यापेक्षा जाहीर काय लागतं?"

मग तिनं जाडजूड पुस्तक काढलं आणि बऱ्याच वेळानं एक फट शोधून काढली. वस्तू विश्वासानं, फक्त वापरून बघायला दिलेली असेल, तर ती जाहीर झाली असं धरत नाहीत. सगळ्या बायकांनी तसं लिहून द्यायचं. वस्तू भेट म्हणून मिळालेली नसून चाचणीसाठी मिळाली आहे, ती परत करत आहोत, आणि तिच्याबद्दल कुठेही, कुणाशीही, कधीही बोलणार नाही. "खरं असेल तरच हं," ती म्हणाली. गोपाळकृष्णांनी खिडकीबाहेर पाहिलं.

खालच्या मजल्यावरचे महिपतराव महसूल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना या प्रकरणाचा वास लागला तो कसा, हे विचारण्यात अर्थ नाही, इमारतीतली कुकरची शिट्टीसुद्धा ते ओळखतात. "अर्जच करू नका," ते म्हणाले. "अर्ज केला की फाइल होते. फाइल झाली की ती कुणीतरी वाचतो. कशाला लोकांना वाचायला द्यायचं?" दुसऱ्या दिवशी त्यांना आणखी चांगलं सुचलं. "वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. तमाम लोकांस कळविण्यात येते की, आमची गाळणी गुप्त आहे. फोटोसकट द्या, म्हणजे कुठली ते कळेल." गोपाळकृष्णांनी त्यांचे आभार मानले. शेजाऱ्यांचे आभार मानावेच लागतात, नाहीतर ते पुन्हा समजावून सांगतात.

करार स्टॅम्पपेपरवर हवा, असं गोपाळकृष्णांनीच ठरवून टाकलं. साध्या कागदावर बायका बधणार नाहीत, असा त्यांचा हिशेब. स्टॅम्पपेपर विकणाऱ्यानं वहीत नाव लिहिलं आणि विचारलं, "कारण?"

"गोपनीय."

"ते इथं लिहायला जागा नाही. भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, इतर. बोला."

"इतर."

"इतर म्हणजे काय?"

"गाळणी," गोपाळकृष्ण शेवटी म्हणाले. मागे रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं, आणि एकानं आवाज जरा मोठा करा, असंही सांगितलं.

पहिलं दार सुनीतीबाईंचं. समोरचाच फ्लॅट. बाई बँकेतून निवृत्त झालेल्या, आणि न वाचता त्यांनी आयुष्यात लग्नाच्या रजिस्टरवरही सही केली नसावी. त्यांनी चष्मा लावला, करार वाचला, परत वाचला आणि म्हणाल्या, "सदर वस्तू भेट नव्हती, असं लिहिलंय."

"हो. ते तांत्रिक आहे."

"म्हणजे पद्मजानं मला वाण दिलं नाही."

"दिलं हो. फक्त कायद्यानं दिलं नाही."

"कुंकू लावलं ते कायद्यानं का?"

गोपाळकृष्णांनी पेन पुढे केलं.

"हसबनीस, सवाष्णींना घरी बोलावून वाण न देता पाठवलं, असं तुम्ही तुमच्या बायकोबद्दल पन्नासच्या स्टॅम्पवर लिहून घेताय. तुम्हाला चालतंय ना? मग मला काय." आणि त्यांनी सही न करता कागद परत दिला.

हे घरी सांगावं लागलं. पद्मजाबाईंनी ऐकून घेतलं. दोन दिवस त्या कामापुरतं बोलत होत्या, आणि कामं फारशी नव्हती. "दुसरं वाण द्यावं लागेल," त्या म्हणाल्या. "रथसप्तमीच्या आत. आणि प्रत्येकीच्या घरी जाऊन, पुन्हा हळदीकुंकू लावून. ते तुम्ही लावणार आहात का?"

तेव्हा वरात निघाली. पुढे पद्मजाबाई, हातात कुंकवाचा करंडा आणि पिशवीत मंडईतून आणलेल्या साबणाच्या डब्या. मागे गोपाळकृष्ण, काखेत कागदांची फाइल आणि हातात गाळण्या गोळा करायची मोठी पिशवी. दार उघडलं की पद्मजाबाई कुंकू लावायच्या, डबी द्यायच्या आणि म्हणायच्या, "तिळगूळ घ्या, गोड बोला." की मागून गोपाळकृष्ण पुढे व्हायचे आणि म्हणायचे, "आणि याबद्दल अजिबात बोलू नका. इथं सही."

बायकांनी सह्या केल्या. एक अक्षर उलट न बोलता केल्या, हे खरं म्हणजे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. पुण्यात आपल्याला कुणी दोन शब्द सुनावले तर प्रकरण मिटलं असं समजावं, आणि काहीच सुनावलं नाही तर घाबरावं. सुनीतीबाईंनी साबणाची डबी उघडून पाहिली, मिटली, आणि सही ठोकली. सहीखाली तारीख घातली, तारखेखाली वेळही घातली. "आता मी बोलणार नाही," त्या म्हणाल्या. गोपाळकृष्णांना हायसं वाटलं. इतकं की ते त्यांना थँक्यू म्हणाले.

एक गाळणी राहिली. कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या मालनबाईंना पद्मजाबाई दर वर्षी अगत्यानं बोलवतात. मालनबाई म्हणाल्या, "माझ्याकडं न्हाय ती. पुतण्याला दिली, भैरूला. त्याची चहाची गाडी हाय, लोणीला."

"लोणीला कुठे?"

"हायवेलाच की. बस थांबती तिथं."

गोपाळकृष्ण स्कूटर काढून लोणी काळभोरला गेले. सोलापूर रस्त्याला, कॉलेजच्या पोरांच्या गराड्यात, ट्रकवाल्यांच्या आणि एसटीच्या खिडक्यांतून बघणाऱ्या अख्ख्या महाराष्ट्राच्या देखत, भैरू पिवळ्या गाळणीनं चहा गाळत होता. गाळून झाला की खटका दाबून गाळणी हवेत उंच धरायचा आणि ओरडायचा, "एक थेंब पडला तर चहा फुकट." पोरं पैजा लावत होती.

गोपाळकृष्ण बाकावर बसले. जाहीर या शब्दाला यापुढे काही शिल्लक आहे का, याचा त्यांनी विचार केला आणि नाही, असं त्यांचं मत पडलं. भैरूनं त्यांच्यापुढे कप ठेवला. "काकीनं दिली. पुण्याचा कुनी कारागीर हाय, त्यानं केली म्हनं. हात चांगलाय बाबाचा. जुन्या गाळणीनं बिस्किटाची बरणी पुसून पुसून जीव जायचा, आता फडकंच लागत न्हाय."

कारखान्यात सगळी नोकरी झाली, पण कुणी असं म्हटलं नव्हतं. गोपाळकृष्णांना मी तो कारागीर, असं सांगायचं होतं. ते जिभेवर आलंही होतं. पण तोंडातून निघालं ते असं, की ही वस्तू तुला चाचणीसाठी मिळाली आहे आणि ती परत करायची आहे.

"ठेवा की, सायब. कागदावर सही करतो, म्हनाल तिथं करतो. पर गाळणी ऱ्हाऊ द्या. धंद्याला बरी हाय."

"नियम आहे," गोपाळकृष्ण म्हणाले. भैरूनं गाळणी धुतली, पुसली आणि दिली. चहाचे पैसे मात्र घेतले नाहीत. ते घेतले असते तर बरं झालं असतं, असं गोपाळकृष्णांना हडपसर येईपर्यंत वाटत राहिलं.

अपेक्षाला त्यांनी लोणीचं सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. "हे तुम्ही मला सांगितलेलं नाही, काका," ती म्हणाली आणि अर्ज पाठवला. कोलकात्याहून हरकत आली की खालच्या बाजूचा फोटो स्पष्ट नाही. तो पाठवला, तर हरकत आली की आता वरच्या बाजूचा जुळत नाही. मग आणखी एक आली, की यात नवीन काय आहे ते एका वाक्यात लिहा. दीड वर्षाचं काम एका वाक्यात लिहायला गोपाळकृष्णांना एक आठवडा लागला. पण पावसाळा सरता सरता प्रमाणपत्र आलं. शिक्का, सही, आणि स्पष्ट अक्षरात गोपाळकृष्ण हसबनीस. गाळणी आता त्यांची होती, भारत सरकार म्हणत होतं. त्यांनी ते फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं आणि मशीन दिवसरात्र चालवून माल काढला.

हिंदुरावांचं भांड्यांचं दुकान बिबवेवाडीतलं जुनं. हिंदुरावांनी खटका दाबून पाहिला, मान डोलावली. "चांगली वाटते. पण आपण वापरणारे नाही. गिऱ्हाइकाला विचारू." तेवढ्यात सुनीतीबाई कढईचं झाकण घ्यायला आल्या. गोपाळकृष्णांना देव पावल्यासारखं झालं. ज्या बाईनं त्यांच्या डोक्याची तारीफ केली होती, तीच समोर.

"बाई, ही गाळणी कशी आहे हो?" हिंदुरावांनी विचारलं.

सुनीतीबाईंनी गाळणीकडे पाहिलं. मग गोपाळकृष्णांकडे पाहिलं. "या वस्तूबद्दल मला काही बोलता येणार नाही," त्या म्हणाल्या आणि झाकणाचे पैसे देऊन गेल्या.

मागून आणखी दोघी आल्या. दोघींनी सह्या केलेल्या. एक म्हणाली, "नको बाई, तो विषयच नको." दुसरीनं नुसती मान हलवली आणि पदर सावरून बाहेर पडली. हिंदुरावांनी गाळणी काउंटरवर ठेवली, हाताला लागू नये इतकी लांब. "साहेब, माल वाईट असता तर बायकांनी सांगितलं असतं. चांगला असता तरी सांगितलं असतं. कुणाला भाजलंबिजलं होतं का?"

आठवडाभरात ती बातमी मार्केट यार्डापर्यंत गेली. बिबवेवाडीत एका बाईला गाळणीनं भाजलं आणि प्रकरण स्टॅम्पपेपरवर मिटवलं. महिपतरावांनी तर ती कुठल्या मजल्यावरची, तेही शोधून काढलं होतं. आणि खरं काय ते ज्यांना माहीत, त्या बायका कराराला जागून हूं की चूं करत नव्हत्या. एरवी शेजारच्या घरात फोडणी कसली पडली, हे चौकापर्यंत जातं. इतक्या बायकांनी मिळून एक गोष्ट पोटात ठेवली, ही त्या भागात घडलेली पहिली आणि शेवटची वेळ असावी.

गोपाळकृष्ण सुनीतीबाईंकडे गेले. "आता बोललेलं चालतं हो. नोंदणी झाली."

"करारात 'कधीही' असा शब्द आहे."

"मी सांगतोय ना."

"लेखी द्या," सुनीतीबाई म्हणाल्या. "स्टॅम्पवर. सगळ्यांना. वाचून सांगते." आणि दार लावलं.

गोपाळकृष्ण घरी आले आणि बसून राहिले. शेडमध्ये छतापर्यंत खोकी लागली होती. पद्मजाबाई वह्या तपासत होत्या. अचानक गोपाळकृष्णांच्या डोक्यात उजेड पडला. सगळ्या बिबवेवाडीत सही न केलेली एकच बाई होती, आणि ती समोर बसली होती. घरच्या माणसाची सही घ्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"अगं, तूच सांग ना," ते म्हणाले. "तुला कुठे काही अडचण आहे? हिंदुरावांच्या दुकानात ये. तुझं ऐकतील लोक. गाळणी कशी आहे, कुणी केलीय, तेवढं सांग."

पद्मजाबाईंनी हातातली वही पूर्ण तपासली, खाली सही केली आणि ती बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवली.

"सांगितलं होतं की," त्या म्हणाल्या. "घरभर बायका होत्या. आमच्या ह्यांनी केलीय म्हणून सांगितलं होतं. तुम्ही घरोघर जाऊन सगळ्यांकडून लिहून घेतलंत, की तसं काही झालंच नाही. मी होते तुमच्याबरोबर."

त्यांनी पुढची वही उघडली. गोपाळकृष्णांनी फोन हातात घेतला. अपेक्षाला फोन करून विचारावं, तर तिच्या पुस्तकात यावरची फट असण्यासारखी नव्हती.